ढबी विकायला काढली तो रविवार

माझ्या लेकीचं त्या रविवारचं वागणं मला मुळीच पटलं नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी म्हणायला नको की आई लेकीच्या बाजूनं बोलते. गिऱ्हाईक दारात आलेलं, फाटकाची कडी अजून त्यांच्या हातात, आणि ही बया गाडीच्या पायरीवर उभी राहून, कमरेवर हात ठेवून त्यांना म्हणते काय, तर "या, या. छत गळतं, आधीच सांगते."

असं कुणी बोलतं का?

आमचा दादा, म्हणजे माझा थोरला मुलगा, नवा शर्ट घालून, तोंडावर हसू चिकटवून पुढे झाला होता. ते हसू तसंच राहिलं, पण त्यामागचा माणूस निघून गेला.

"ठमे," तो दातांतून म्हणाला, "तू घरात जा. आईला मदत कर."

"आई ही काय, गाडीतच बसलीय," ठमी म्हणाली.

बसलेच होते मी. आतल्या बाकावर, टेबलाला कोपर टेकून. माझ्या हातच्या गाद्या कुणी दाबून बघणार, पडद्यांची चुणी चिवडणार, आणि मी स्वयंपाकघरात कांदे कापत बसू?

ढबी म्हणजे आमची घरगाडी. कागदावर तिला मोटरहोम म्हणतात. ह्यांनी ती घेतली त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हा ती नुसती पत्र्याची पेटी होती. आतलं लाकूडकाम ह्यांच्या हातचं, शिवणकाम सगळं माझं. आमचं गाद्या आणि सीटा शिवायचं दुकान आहे. त्या दुकानाच्या पाठच्या अंगणात ढबी दीड वर्ष उभी होती, कारण ह्यांची नजर गेली. म्हणजे सगळी नाही गेली. मधलं पुसलं गेलं आणि कडा राहिल्या. समोर धरलेला कप दिसत नाही, पण बाजूनं कोण गेलं ते दिसतं. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ह्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि चार दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मग दादानं अंगणाचा विषय काढला. त्याला तिथे वर पत्रे टाकून कापड कापायचं मोठं टेबल मांडायचंय. दुकानातल्या टेबलावर बसच्या सीटचं कापड मावत नाही, दोन्ही कडांनी लोंबतं, आणि वाकडं कापलं जातं. त्याचंही खोटं नव्हतं. मी म्हटलं, विका ढबी. आणि या घरात मी म्हटलं की झालं, ही गोष्ट मला अभिमानाची वाटायची.

ती गाडी ठमीला हवी होती. आता मी हे सरळ लिहिते आहे, पण त्या रविवारी सकाळी हे फक्त एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस म्हणजे माझी सून.

सूनबाई बस डेपोच्या कचेरीत बसते. ठमी त्याच डेपोची बस चालवते, अकरा वर्षं, एकच मार्ग. डेपोतून निघायचं, पुलावरून बाजार, बाजारातून दवाखाना, आणि उलट्या वाटेनं परत डेपो. मंगळवारी सूनबाईच्या टेबलावर एक रजेचा अर्ज आला. सहा महिने, बिनपगारी. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक'. खाली आमच्या ठमीची सही.

सूनबाई उठून तिला जिन्यात गाठायला गेली.

"ताई, हे काय? आजारी आहात का?"

"नाही गं. ढबी घेऊन जाईन म्हणते."

"कुठे?"

"कुठेतरी. जिथून संध्याकाळी गाडी परत डेपोत आणावी लागत नाही, अशा ठिकाणी." मग म्हणाली, "बाबांकडून विकत घेणार आहे. फुकट नको मला. साठवलेत मी. पण आईला अजून विचारलेलं नाही, तेव्हा तू गप्प बस. माझी शपथ."

सूनबाईनं अर्जावर शिक्का मारला आणि गप्प बसली. बुधवारी दादानं ढबीची जाहिरात दिली. गुरुवारी ठमी आमच्याकडे जेवायला आली. सूनबाई सांगते, "आई, त्या तुमच्याकडे बघून तोंड उघडत होत्या आणि मिटत होत्या. मी नुसती देव देव करत होते. शेवटी तोंड उघडलं ते एकदाचं उघडलं, आणि म्हणाल्या काय, तर आमटीत मीठ कमी आहे."

मला आठवतंय ते. मी म्हटलं होतं, उठून घे.

तर गिऱ्हाईक. तो दातांचा डॉक्टर, उंच, वाकून बोलणारा. त्याची बायको गोल चेहऱ्याची, गळ्यात दुर्बीण. पक्षी बघायचा नाद तिला. गाडीत पाऊल टाकलं आणि ती एकदम "अय्या!" म्हणाली. मी मनात म्हटलं, ही गेली कामातून. भाव करायला आलेल्या माणसानं पहिल्या पावलाला अय्या म्हणायचं नसतं.

"हे पडदे कुठून घेतलेत?" तिनं विचारलं.

"कुठून नाही. मी शिवलेत."

"आणि या गाद्या?"

"त्याही. उचलून बघा. चेन लावलीय खालून, खोळ धुता येते."

तिनं उचलून बघितली. नवऱ्याला हाक मारून त्यालाही दाखवली. तो मात्र खिशातून बारका टॉर्च आणि दांडीवरचा छोटा आरसा काढून कपाटांच्या मागे, सिंकच्या खाली, खिडकीच्या फटीत घालून बघत होता. धंद्याची सवय. प्रत्येक फटीपाशी "हं" म्हणायचा.

दादा त्याच्या पाठीपाठी. "टायर नवे आहेत. इंजिनला कधी हात लावावा लागला नाही. बाबांनी स्वतःच्या मुलासारखी सांभाळलीय." हे ऐकून बाहेर स्टुलावर बसलेले आमचे हे खाकरले. ते कशासाठी, ते मला कळलं. इंजिनपायी त्यांचे हात किती वेळा काळे झालेत, ते मी बघितलंय.

मग डॉक्टर पलंगापाशी गेला आणि त्यानं टॉर्च वर मारला. पलंगाच्या वरची झडप, उजेडासाठी छताला ठेवलेली, तिच्या कडेनं पाणी पाझरतं. तिथे परातीएवढा डाग होता. दादानं शुक्रवारी त्यावर पांढरा रंग मारला होता. मी बघितलं होतं, बोलले नव्हते. दुकानात मी असं कधी चालवून घेतलं नसतं, पण ह्यांच्या गाडीला कुणी नावं ठेवावीत हे मला सोसत नव्हतं. ओलीवर मारलेला रंग दोन दिवसांत फुगला होता, पुरीसारखा.

डॉक्टरनं आरशाच्या दांडीनं हळूच टोचलं. फुगा फुटला. ओला भुसा त्याच्या बाहीवर पडला.

"वरून भरलंय," तो अगदी सौम्यपणे म्हणाला, "आतून किडलंय."

दादाचे कान पेटले. मी खिडकीबाहेर बघायला लागले. आणि पायरीवरून ठमीचा आवाज आला, खणखणीत, "मी सांगितलं होतं ना, छत गळतं म्हणून!"

आता इथे ठमीच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगते. तिनं मला ते नंतर स्वतः सांगितलं, भांडी घासता घासता, पाठ माझ्याकडे करून. तिला या लोकांना पळवून लावायचं होतं. मागायची हिंमत होत नव्हती, म्हणून तिनं ठरवलं की ढबीचे सगळे दोष पाढ्यासारखे म्हणून दाखवायचे. लोक जातील, दुसरे येतील, तेही जातील, आणि मग सगळे कंटाळले की आपण म्हणायचं, बरं, कुणी घेत नाही तर मी घेते. केवढा हा घाट! तोंडानं तीन शब्द बोलायचे नाहीत म्हणून.

पण त्यात एक घोळ झाला, आणि तो आमच्याच घरात होऊ शकतो. आमच्या दुकानाची एक रीत आहे, मीच घातलेली. कुणी जुनी सीट घेऊन आलं की भाव सांगायच्या आधी त्याच्यासमोर एक बाजू उसवायची. काथ्या कुजलाय, स्प्रिंग मोडलीय, जे असेल ते दाखवायचं. आणि दाखवलं की त्याच दमात इलाज सांगायचा. नुसती खोट सांगून गप्प बसलं तर गिऱ्हाईक घाबरतं आणि तुमचा हात किती चालतो ते त्याला कळत नाही. ठमी सात वर्षांची असल्यापासून हे ऐकत मोठी झाली. तिच्या जिभेला दुसरं वळणच नाही.

"छत गळतं," ती आत येत म्हणाली, "पण फळी फक्त एवढी कुजलीय, इथून इथपर्यंत. बाकी ठोकून बघा, टणक आहे. झडप काढायची, जुनं रबर खरवडायचं, नवी पट्टी बसवायची. सव्वादोन मीटर लागते. मी मापून ठेवलीय."

"दोघांना जमेल?" डॉक्टरनं विचारलं.

"एका सुट्टीच्या दिवसात."

डॉक्टर बायकोकडे बघायला लागला. बायकोचे डोळे चमकले.

"आणखी काय काय आहे?" तिनं विचारलं, गोष्ट ऐकायला बसल्यासारखी. माझ्या शेजारी बाकावर बसलीच.

"खूप आहे," ठमी म्हणाली, आणि बोटांवर मोजायला लागली. "पाण्याचा पंप खोकतो. म्हणजे आधी नळ अर्धा उघडा ठेवायचा आणि मग बटण दाबायचं, हवा निघून जाते, मग गप्प चालतो. फ्रीज विजेवर चालत नाही, गॅसवर चालतो, आणि गॅसवर आवाजच करत नाही, झोप छान लागते. बाहेरची पायरी आत जात नाही. डाव्या कोपऱ्यात टाच मारायची. अशी." खाली उतरून तिनं टाच मारली. पायरी सुळ्ळकन आत गेली.

"मी मारू?" डॉक्टरची बायको धावली. पायरी बाहेर काढली, टाच मारली, आत घालवली. पुन्हा काढली. डॉक्टर म्हणाला, "आता मला," आणि तो सहा फुटी माणूस फुटबॉल खेळल्यासारखा अंगणात टाच मारत राहिला. दादा हसायला लागला. सूनबाई चहाचा ट्रे घेऊन येत होती, ती थांबून हसायला लागली. आणि तेवढ्यात तिची नजर ठमीकडे गेली आणि तिचं हसू विरलं. ठमी पायरीकडे अशी बघत होती, जसं आपल्या बाळाला दुसऱ्याकडे जाऊन खिदळताना बघावं.

सूनबाईचा जीव तेव्हा दोन्हीकडून ओढला जात होता. नवऱ्याला टेबल हवं. नणंदेनं शपथ घातलेली. शिवाय सासू, म्हणजे मी, तिच्या मते चुलीवरचं दूध. कधी उतू जाईल नेम नाही. तिनं ट्रे टेबलावर ठेवला आणि मला म्हणाली, "आई, तुमच्याशी जरा बोलायचंय."

"आत्ता? सौदा चाललाय."

"आत्ताच."

"नंतर," मी म्हटलं. हे माझं चुकलं. लिहून ठेवते.

दादानं आकडा सांगितला. डॉक्टरनं बाहीवरचा भुसा झटकला आणि चौथाई कापली. दादा माझ्याकडे बघायला लागला. बाहीवर भुसा पडल्यावर घासाघीस करायला त्याला तोंड राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "ठीक आहे." डॉक्टर म्हणाला, "एकच अट. टाकीच्या टेकडीचा चढ. जुन्या गाड्या चढावर रडतात."

"चढली तर तुमची," मी म्हटलं. "हा माझा शब्द." आणि त्याच्या हातावर हात मारला.

स्टुलावरून आमचे हे म्हणाले, "मी पण येतो. मला पुढे बसवा."

दादा चालवायला बसला. दादा चांगला कापतो, चांगलं बोलतो, पण गाडी म्हटली की त्याचे पाय एकमेकांना विचारून चालतात. फाटकातून बाहेर पडून दुसरा गिअर टाकला आणि ढबी खाकरून बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मागच्या रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला.

"सरक," ठमी म्हणाली.

"मी करतो गं."

"दादा, क्लच दोनदा दाबावा लागतो. सरक."

तो सरकला. ठमी बसली. आरसा बघितला, सीट दोन बोटं पुढे घेतली, आणि ढबी निघाली. काय सांगू, नुसती निघाली! दीड वर्ष गुडघे आखडून बसलेली बाई उठून चालायला लागावी तशी. कपाटातले पेले किणकिणले. पडदे हलले. मागच्या बाकांवर मी, सूनबाई, डॉक्टर आणि त्याची बायको, मध्ये टेबल, टेबलावर उरलेला चहा. दादा छताच्या दांड्याला लटकलेला. पुढे ठमीशेजारी हे, खिडकीकडे तोंड करून, कारण कडेचंच तर दिसतं त्यांना. बाजार गेला, दवाखाना गेला. ठमीच्या बसच्या थांब्यावर उभ्या दोन बायकांनी तिला ओळखून हात केला. तिनं भोंगा वाजवला. डॉक्टरची बायको टाळ्या वाजवत होती. मला पण वाजवाव्याशा वाटल्या. पण मी चहाचे कप धरून ठेवले होते.

आणि टेकडी आली.

तो चढ म्हणजे सरळ नाही. अर्ध्यावर वळतो आणि वळल्यावर आणखी उभा होतो. तिथे गाडी दुसऱ्या गिअरवर आणावी लागते. मी बाकावरून ठमीचा डावा पाय बघत होते. बस चालवणाऱ्या लेकीच्या आईला कळतं कुठे बघायचं ते. वळण आलं. पाय क्लचवर गेला. एकदा दाबला. आणि थांबला.

एकदाच दाबून गिअर टाकला असता तर ढबी तिथेच बंद पडली असती. चढावर, सगळ्यांसमोर. सौदा मोडला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. मला तेव्हा माहीत नव्हतं, पण एवढं दिसलं की त्या पायाला काहीतरी अवघड होतंय. ह्यांनी मान वळवली. ते तिच्या पायाकडे बघू शकत नव्हते, पण इंजिन ऐकत होते.

पाय दुसऱ्यांदा खाली गेला. गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसला. ढबीनं दम घेतला आणि वर चढली, न रडता, न कुरकुरता, टेकडीच्या टोकावर.

गाडी वाईट चालवणं तिला जमलं नाही. तेवढंही जमलं नाही.

"चढली! चढली!" डॉक्टर ओरडला. त्यानं टेबलावरून वाकून माझे दोन्ही हात धरले. त्याची बायको त्याच्या गळ्यात पडली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दादानं दांडा सोडून हात वर केले आणि डोकं आपटून घेतलं. "झालं!" तो म्हणाला. "आई, झालं!"

"पाण्याच्या टाकीपाशी वळव गं," मी पुढे हाक मारली.

टाकी आली. वळायची मोकळी जागा आली. आणि टाकी मागे गेली.

"ठमे, वळण गेलं," दादा म्हणाला.

"हो."

"अगं, मग?"

रस्ता टेकडीच्या पलीकडच्या अंगाला उतरत होता. मी त्या बाजूला फार वर्षांत गेले नव्हते. दोन्हीकडे गवत, लांबवर विजेचे खांब, आणि मध्ये रस्ता, कुठेतरी जाणारा. अकरा वर्षांत जिचा एक थांबा चुकला नाही, जिच्या नावावर डेपोत एक तक्रार नाही, ती माझी मुलगी वळण सोडून सरळ चालली होती. तिचा वेग वाढला नव्हता, हातही घट्ट आवळले नव्हते. फक्त गाडी वळवली जात नव्हती.

"काय सुंदर आहे हो इकडे!" डॉक्टरची बायको दुर्बीण लावून म्हणाली.

सूनबाईनं माझा हात धरला. जोरात. "आई, आता मी शपथ मोडते. मला काय व्हायचं ते होऊ दे." आणि माझ्या कानाशी तोंड आणून तिनं मंगळवारपासूनचं सगळं सांगितलं. अर्ज, जिना, साठवलेले पैसे, मीठ. इतक्या घाईत सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं.

"शिक्का कुणी मारला?" मी विचारलं.

"मीच."

"आणि मला सांगायला आज उजाडलं?"

"तुम्ही म्हणालात, नंतर."

मी उठले. चालत्या गाडीत, सहासष्टाव्या वर्षी, दांडा धरत पुढे गेले आणि ठमीच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबव."

तिनं कडेला घेतली. इशारा देऊन, आरसा बघून, नियमाप्रमाणे. इंजिन बंद केलं. एकदम एवढी शांतता झाली की पेले किणकिणायचे थांबलेले ऐकू आले.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाला. "बिघडली?"

"बिघडली नाही," हे म्हणाले. गाडीत बसल्यापासून पहिल्यांदाच बोलले. "पोरीला वळायचं नव्हतं."

डॉक्टरची बायको मूर्ख नव्हती. अय्या म्हणाली म्हणून मी तिला तशी समजले होते. ती उठून पुढे आली, ठमीकडे नीट बघितलं, स्टिअरिंगवरच्या तिच्या हातांकडे बघितलं, आणि विचारलं, "तुम्हाला हवी आहे का ही गाडी?"

झालं. परमेश्वरानं आणून हातात दिलेला प्रश्न. याला उत्तर एकच शब्द.

"छे," ठमी म्हणाली. "नाही. मला कशाला? मी आपली सहज."

आणि तिचा कान शेंड्यापर्यंत लाल झाला.

मला राग आला. इतका आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि त्या रागाच्या मधोमध मला कळलं की हा आवाज ओळखीचा आहे. 'मला कशाला, मी आपली सहज.' हे वाक्य या घरात कुणाचं आहे? दुकानाला खिडकी पाडायला शेजाऱ्याची भिंत हवी होती तेव्हा मी मागितली नाही, म्हणून अजून आम्ही अंधारात शिवतो. बहिणीनं आईचं शिवणयंत्र नेलं तेव्हा म्हटलं, ने, मला कशाला. मी चौथी शिकलेली बाई, कुणापुढे तोंड वेंगाडलं नाही, याचा मला केवढा तोरा. तो तोरा तिनं लहानपणीच माझ्याकडून उचलला होता, कुणी न देता.

दादा मध्येच म्हणाला, "हे बघा, कुणीही न्या. मला काय, जागा मोकळी झाली म्हणजे झालं." आणि मग आवाज उतरवून, "ठमे, मला सांगायचंस ना गं. मी जाहिरातच दिली नसती."

मी डॉक्टरच्या बायकोकडे वळले.

"बाई," मी म्हटलं, "मी शब्द दिलाय. चढली तर तुमची. चढली. तेव्हा गाडी तुमची, त्यात बदल नाही. तुम्ही घेऊन गेलात तर मी फाटक उघडून देईन. पण मी तुमच्याकडे एक मागते. माझा शब्द मला परत द्या. ही गाडी माझ्या लेकीला हवी आहे. ती बोलणार नाही. मी बोलते. द्या."

सूनबाईनं तोंडावर हात ठेवला. पन्नास वर्षं जो माणूस माझ्याबरोबर राहिला, त्यानं माझा मागताना निघालेला आवाज कधी ऐकला नव्हता. हे आपल्या कडेच्या नजरेनं मला शोधत होते.

डॉक्टरच्या बायकोचं तोंड पडलं. अगदी पडलं. मी तिला दोष देत नाही. तिनं खिडकीत दुर्बिणीची जागासुद्धा ठरवली होती. ती नवऱ्याकडे बघत राहिली. नवऱ्यानं पायानं टाच मारल्यासारखं केलं, दुःखानं.

"मला राग आलाय," ती शेवटी म्हणाली. "सांगून टाकते."

"यायलाच हवा."

"पण मला गाडीइतकंच यांचं सांगणं आवडलं होतं," तिनं ठमीकडे बोट दाखवलं. "प्रत्येक गाडीचं कोण एवढं सांगेल? आम्ही दुसरी बघायला जाऊ तेव्हा यांनी बरोबर यायचं. दादांनी नाही."

"बरोबर," दादा म्हणाला.

"आणि पडदे तुम्ही शिवून द्यायचे," ती मला म्हणाली. "असेच."

"गाद्यासुद्धा देईन. कापडाचे पैसे तुमचे."

"चालेल," ती म्हणाली, आणि हसली. ओढूनताणून, पण हसली. डॉक्टरनं माझा हात पुन्हा धरला, या वेळी सोडून देण्यासाठी.

ठमी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होती. पाठ ताठ. गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे.

"आई," ती म्हणाली, "मी विचारणार होते."

"कधी?"

"गुरुवारी."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय बोलते ते ऐकायला दादा दांडा सोडून पुढे आला होता, आणि हे खिडकीकडे तोंड करून कान माझ्याकडे लावून बसले होते. मी तिच्या गालावरचं पाणी माझ्या अंगठ्यानं पुसलं. जरा जोरातच पुसलं.

"गाडी तुझी," मी म्हटलं. "डॉक्टरांनी लावला त्याच भावात. एक पैसा सुटायचा नाही. आणि तू मूर्ख आहेस, एक्केचाळीस वर्षांची. माझ्या पोटची म्हणून इतकी आहेस. मागितल्यानं माणूस मरत नाही, ठमे. मी आत्ताच करून बघितलंय."